नाकारण्याचा सन्मान आणि कामाचा सन्मान: डान्सबार बंदीच्या वादामागचा इतिहास

15 ऑगस्ट 2005 पासून महाराष्ट्रातील डान्सबारमध्ये नृत्यावर बंदी लागू झाली. मुंबई पोलीस कायद्यात 33-अ हे नवे कलम घालून सरकारने ती आणली होती. नृत्यांमुळे स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधा येते आणि सार्वजनिक नीतिमत्ता ढासळते, असे त्यासाठीचे कारण देण्यात आले होते. मात्र तीन आणि त्याहून अधिक तारांकित हॉटेलांना याच कायद्याने मोकळीक दिली होती. नीतिमत्ता खोलीच्या भाड्याप्रमाणे बदलते की काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि पुढे न्यायालयानेही या भेदावर नेमके बोट ठेवले. या बंदीने महाराष्ट्रातील स्त्रीचळवळीत मात्र वेगळीच फूट पडली. मुंबईतील अनेक स्त्रीसंघटना बंदीच्या विरोधात उभ्या राहिल्या, तर दलित-बहुजन स्त्रियांच्या काही संघटना आणि फुले-आंबेडकरी विचाराच्या अनेक कार्यकर्त्या बंदीच्या बाजूने उभ्या राहिल्या. वर्तमानपत्रांनी याचे वर्णन ‘संस्कृतिरक्षक विरुद्ध स्वातंत्र्यवादी’ असे केले आणि ते चुकीचे होते. बंदीला पाठिंबा देणाऱ्या दलित कार्यकर्त्या संस्कृती वाचवायला निघाल्या नव्हत्या. त्या संस्कृतीचा अनुभव त्यांच्या गाठीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. या मतभेदाचे मूळ समजून घ्यायचे, तर निदान शंभर वर्षे मागे जावे लागते.

जात आणि स्त्रीची स्थिती हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, हे महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातच ओळखले गेले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी होते. ज्यांच्यावर जातीचे नियम सर्वांत कडक, त्यांच्याच वाट्याला ही वेळ येत होती. त्याआधी, 1855 मध्ये, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहून मांग-महार स्त्रियांच्या बाळंतपणातील हालांचे वर्णन केले होते. अंगावर वस्त्र आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रीचे दुःख हे केशवपनाच्या दुःखाहून वेगळ्या जातीचे आहे, हे त्या निबंधातून आपोआप दिसते. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा निमित्त होते सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेवर चाललेल्या बालहत्येच्या खटल्याचे. म्हणजे उच्च जातीतील स्त्रीचे कोंडलेपण आणि खालच्या जातीतील स्त्रीचे उघडेपण, दोन्ही एकाच काळात कागदावर आले होते. त्यांना जोडणारी मांडणी मात्र अजून व्हायची होती.

त्या मांडणीचे पहिले पाऊल 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कमध्ये पडले. कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे की, जातीचे मूळ लक्षण सोवळेओवळे किंवा रोटीव्यवहार हे नसून जातीअंतर्गत विवाह हे आहे. ते पक्के ठेवायचे, तर जातीत लग्नाच्या वयाच्या स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या कायम जुळती राहिली पाहिजे. पती मेला की पत्नी ‘अधिक’ ठरते आणि ती जातीबाहेर लग्न करण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून तिला पतीच्या चितेवर जाळायचे, नाहीतर सक्तीच्या वैधव्यात ठेवायचे. पत्नी मेलेल्या पुरुषाला असे जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे आणि जातीला त्याची गरज आहे. त्याच्यासाठी लग्नाच्या वयाला न पोहोचलेल्यांतून मुलगी आणायची आणि तिथून बालविवाह येतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या सुधारकांनी एकेक करून हाताळलेल्या तीन प्रथा आंबेडकरांनी एकाच यंत्राचे भाग म्हणून दाखवल्या. स्त्रीच्या लैंगिकतेवरील ताबा हा जातिव्यवस्थेचा परिणाम नसून तिची अटच आहे, हा विचार मांडला जात असताना ‘स्त्रीवाद’ हा शब्द मराठीत रुळायला अजून कित्येक दशके होती.

या मांडणीत एक जागा मोकळी राहते. जातीच्या आतली स्त्री का कोंडली जाते, हे त्यातून कळते. पण ज्या जातींतील स्त्रिया सर्वांसाठी ‘उपलब्ध’ मानल्या गेल्या, त्यांचे काय? मुरळी, जोगतीण, देवदासी, तमाशाच्या फडातील आणि संगीतबारीतील नाचणारी यांची परंपरा मुख्यतः अस्पृश्य आणि भटक्या जातींकडे होती. वरच्या जातींच्या घरातील स्त्रीचे शील जपले जात असताना त्याच घरातील पुरुषांची सोय गावकुसाबाहेर केलेली होती. आंबेडकरांनी या प्रश्नाला निबंधात हात घातला नसला, तरी राजकारणात घातला. हिंदू धर्म सोडण्याच्या येवल्याच्या 1935 च्या घोषणेनंतर, 16 जून 1936 रोजी, परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणी यांची सभा झाली. कामाठीपुऱ्यातील महार स्त्रियाही तिथे होत्या. धंदा सोडा, लग्न करा आणि इतर स्त्रियांप्रमाणे घरात राहा, असे आंबेडकरांनी त्यांना निक्षून सांगितले. आज ते भाषण वाचताना त्यातील कठोरपणा खटकतो. त्या स्त्रियांचे पोट कशावर चालणार, याला त्यात जे उत्तर आहे ते पुरेसे वाटत नाही. पण त्याच काळातील त्यांच्या दुसऱ्या लढ्याशेजारी ठेवल्याखेरीज त्या भाषणाचा अर्थ नीट लागत नाही.

तो लढा महार वतनाचा होता. वतन म्हणजे वंशपरंपरागत गावकामाच्या बदल्यात मिळणारी थोडी जमीन आणि बलुते, त्याच्या बदल्यात चोवीस तासांची हुकमी सेवा. 1928 मध्ये आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन सुटले तर हक्काची भाकरी जाईल, अशी भीती समाजातल्याच अनेकांना वाटत होती. आंबेडकरांचा युक्तिवाद असा होता की, जातीने लादलेले काम कितीही चांगल्या मोबदल्यात केले, तरी ते गुलामीचे काम राहते. मेलेली गुरे ओढणे बंद करा, हा आदेशही याच तर्काने दिला गेला. दलित राजकारणात सन्मान या शब्दाचा अर्थ इथे घडला. सन्मान कामाच्या मोबदल्यात नव्हता, ते काम नाकारण्यात होता. मुरळीला दिलेला सल्ला आणि वतनदार महाराला दिलेला सल्ला यांच्यामागे एकच तत्त्व होते.

स्वातंत्र्यानंतरच्या स्त्रीचळवळीत सन्मानाचा दुसरा अर्थ तयार होत गेला आणि त्याचे मूळ डाव्या कामगार चळवळीत होते. 1972 च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली निघालेले लाटणे मोर्चे, शहाद्याच्या आदिवासी स्त्रियांचा श्रमिक संघटनेतील सहभाग, 1975 ची पुण्यातील संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद, या सगळ्यांत कष्टकरी स्त्री केंद्रस्थानी होती. तिच्या श्रमाला दाम आणि मान मिळावा, तिने संघटित व्हावे, हे त्यांचे सूत्र होते. पुढे देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिले आणि चळवळीचा रोख हिंसेकडे वळला. 1980 मध्ये मुंबईत स्थापन झालेला बलात्कारविरोधी मंच पुढे फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन झाला. 2005 मध्ये बारबालांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संघटनांत तो होता, ही गोष्ट अपघाताने घडलेली नाही.

नव्वदच्या दशकात एड्सविरोधी कामामुळे आणखी एक आवाज उठला. सांगलीत 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. धंद्यात असलेल्या स्त्रियांनी स्वतःच चालवलेली ही संघटना होती आणि आम्हाला वाचवू नका, आमच्यावरचा अन्याय थांबवा, असा तिचा सूर होता. लैंगिक सेवेला श्रम मानावे की पिळवणूक, हा पाश्चात्त्य स्त्रीवादाला सत्तरीपासून विभागणारा वाद तेव्हा इथे पुस्तकांतून येत होताच. पण सांगलीच्या बायका पुस्तकातून बोलत नव्हत्या. कायद्याच्या नावाखाली पडणाऱ्या धाडींचा अनुभव त्यांना होता.

याच दशकात दलित स्त्रीवादाची सैद्धांतिक मांडणी आकाराला आली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकातून आधीच समोर आणला होता. 1995 मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळे का बोलतात याची दोन कारणे सांगितली: एक, मुख्य प्रवाहातील स्त्रीचळवळीने त्यांच्या जातीकडे केलेले दुर्लक्ष आणि दोन, दलित चळवळीतील पुरुषसत्ता. पुणे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये ‘वेगळेपण’ या शब्दालाच हरकत घेतली. वेगळेपणाचा नुसता गौरव केला, तर दलित स्त्रीचा प्रश्न तिच्यापुरताच उरतो आणि इतरांची जबाबदारी संपते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी त्यांनी ‘दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी’ सुचवली. शोषिताच्या जागेवरून समाज अधिक पूर्ण दिसतो, हा मार्क्सवादातून आलेला आणि अमेरिकेतील स्त्रीवाद्यांनी विकसित केलेला विचार त्यांनी फुले-आंबेडकरांच्या परंपरेशी जोडला. दलितेतर स्त्रियांनाही ही भूमिदृष्टी मिळवता येते, पण त्यासाठी स्वतःला नव्याने घडवावे लागते, ही त्यातील अट महत्त्वाची होती. छाया दातार यांनी त्यावर आक्षेप घेऊन वाद पुढे नेला.

रेगे यांचा याआधीचा, 1995 मधील, लावणीवरचा अभ्यास डान्सबारच्या वादाच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. लावणीने खालच्या जातीच्या स्त्रीचे शरीर सदैव आसुसलेले आणि म्हणून सदैव उपलब्ध असे रंगवले आणि त्यामुळे वरच्या जातीतील पत्नीचे पावित्र्य उठून दिसले, असे त्यात दाखवले आहे. 1916 च्या निबंधात मोकळी राहिलेली जागा इथे भरली गेली. कोंडलेली स्त्री आणि नाचवलेली स्त्री, दोघी एकाच व्यवस्थेला लागतात.

2005 चा पेच या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. बारमध्ये नाचणाऱ्या अनेक स्त्रिया उत्तर आणि मध्य भारतातील नट, बेडिया, कंजर अशा पारंपरिक नाचगाण्याच्या समाजांतून आल्या होत्या. यांतल्या काही समाजांत मुलगी कमावते आणि तिच्या कमाईवर भावांचे संसार चालतात. घरात आलेली सून मात्र नाचत नाही. जातीअंतर्गत विवाहाने बायकांची केलेली ही वाटणी डोळ्यांसमोर असताना ‘नाचणे हा तिचा व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क’ हे वाक्य दलित कार्यकर्त्यांना अपुरे वाटले, यात नवल नाही. जातीने लादलेल्या धंद्याला शहरात येऊन नवे नाव मिळाले, तेवढ्याने तो निवडलेला धंदा होतो का, हा त्यांचा प्रश्न होता. उलट बाजूचा प्रश्नही तितकाच रास्त होता. वतन सोडणाऱ्या महाराच्या पाठीशी चळवळ होती, शिक्षण होते, पुढे राखीव जागाही आल्या. बारमधून एका रात्रीत बाहेर काढलेल्या स्त्रीच्या पाठीशी काय होते? एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने आणि फोरमने बारबालांशी बोलून केलेल्या पाहणीत त्यांच्यावर अवलंबून असलेल्या घरांचे चित्र पुढे आले आणि उच्च न्यायालयात त्या पाहणीचा उपयोग झाला. माझ्या मते बंदीसमर्थक भूमिकेचे निदान अधिक खोल होते आणि बंदीविरोधी भूमिकेला परिणामांचे भान अधिक होते. सरकारने मात्र दोघींचेही ऐकले नाही. ‘तरुण पिढी बिघडते’ हा सरकारी युक्तिवाद फुल्यांचाही नव्हता आणि कामगार चळवळीचाही नव्हता. नाकारण्याचा हक्क नाचणारीचा असतो. इथे तो पोलीस खात्याने वापरला.

मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2006 मध्ये बंदी रद्द केली. 16 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवताना समानता आणि व्यवसायस्वातंत्र्य या दोन्ही मुद्द्यांवर सरकारला दोषी धरले आणि बंदीमुळे अनेकींना देहविक्रीकडे वळावे लागल्याचीही नोंद घेतली. राज्याने 2014 मध्ये पुन्हा दुरुस्ती केली, 2016 मध्ये स्वतंत्र कायदा आणला आणि जानेवारी 2019 मध्ये त्यातील बऱ्याच अटी सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकल्या. नर्तकीला बक्षिसी देता येईल, पण तिच्या अंगावर नोटा उधळता येणार नाहीत, असे या निकालाने ठरवले. तमाशाच्या भाषेत ज्याला दौलतजादा म्हणतात, ती एवढी गोष्ट तिथे निषिद्ध राहिली. नाचणारीची जात कोणती आणि ती बारमधल्या नाचापर्यंत कोणत्या वाटेने आली, हा 1936 मध्ये दामोदर हॉलमध्ये उभा राहिलेला प्रश्न व्यवसायस्वातंत्र्यावर उभ्या असलेल्या या निकालांच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.