गाणं घराघरांत, पार्श्वसंगीत डब्यात

१९४९ साली ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’ची तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. हे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं नाव. रेडिओवर गाणं लागलं आणि श्रोते विचारू लागले, ही गाते कोण? अखेर आकाशवाणीला कंपनीकडे चौकशी करून लता मंगेशकर हे नाव जाहीर करावं लागलं. विचारणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी सिनेमा पाहिलेलाही नसणार. गाणं सिनेमातून सुटून एकटं हिंडू लागलं होतं, ते असं.

आपल्याकडे हे फार लवकर घडलं, आणि त्यात तबकडीचा वाटा मोठा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. पडद्यावरचं गाणं त्याहून लांब असेल तर एखादं कडवं गळे, कधी तबकडीसाठी ते नव्याने गायलं-वाजवलं जाई. म्हणून जुन्या गाण्यांचे शौकीन आजही ‘सिनेमातलं’ आणि ‘रेकॉर्डवरचं’ असा भेद करतात आणि त्यावर तावातावाने भांडतात. त्या सव्वातीन मिनिटांत मुखडा, अंतरे आणि मधले वाद्यमेळाचे तुकडे बसवायचे, म्हणजे कसब आलंच. ते अनेकदा गोव्याच्या अरेंजरांचं, म्हणजे चालीभोवती वाद्यमेळ रचून देणाऱ्यांचं, असे. शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबॅस्टियन डिसोझा, किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांचं नाव तबकडीवर नसे.

मग १९५२ मध्ये सरकारनेच गाण्याची सिनेमाशी असलेली नाळ कापायला घेतली. माहिती व नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकर (आपलेच, मराठी) यांना सिनेसंगीत सवंग वाटे. आकाशवाणीने सिनेगीतांचा वेळ कमी केला आणि सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात म्हणून तेही बंद केलं. निर्मात्यांनी चिडून परवानगीच काढून घेतली. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ मध्ये विविध भारती आली, म्हणजे आकाशवाणीने हार मानली असंच म्हणायचं.

पण हे सगळं भाग्य गाण्यांचं. सिनेमाच्या संगीताचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे पार्श्वसंगीत, डब्यातच राहिला. त्याची कारणं कामाच्या पद्धतीत आहेत. समोर पडद्यावर रीळ चालू, वादक त्याकडे बघत वाजवतायत, वीस सेकंदांचा तुकडा, मग शांतता, मग दाराचा आवाज सांभाळून पुन्हा दहा सेकंद. परळच्या राजकमल स्टुडिओत मंगेश देसाईंसारखा कसबी माणूस संवाद, आवाज आणि संगीत एकत्र मिसळे, ते पडद्यासाठी. त्यातून संगीत सुटं काढून कोण विकणार? जयकिशन पार्श्वसंगीतासाठी वाखाणले जात, पण ते ऐकायचं तर तिकीट काढूनच. ‘शोले’च्या वेळी तर गंमतच झाली. कंपनीने संवादांची तबकडी काढली आणि ती गाण्यांपेक्षा जास्त चालली. संवाद विकले गेले, पण आर. डी. बर्मनचं पार्श्वसंगीत वेगळं काढावं असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. राधाच्या दिवे मालवण्याच्या प्रसंगातला भानू गुप्तांचा माउथ ऑर्गन लोकांनी सिनेमा पुन्हा पुन्हा पाहूनच पाठ केला.

एक अपवाद उलट्या टोकाचा. १९३७ च्या ‘कुंकू’त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीतच वापरलं नाही. केशवराव भोळ्यांच्या चालीही प्रसंगात जे वाजणं शक्य आहे त्याच आवाजांच्या आधाराने गायल्या गेल्या.

अमेरिकेत गाडी उलट्या रुळावरून गेली. तिथल्या बहुतेक चित्रपटांत गाणीच नसत, त्यामुळे विकायचं तर वाद्यवृंदाचं संगीतच. १९४२ च्या ‘जंगल बुक’चं मिक्लोश रोझा यांचं संगीत तबकड्यांच्या संचात निघालं, पण नुसतं संगीत कोण ऐकेल या धास्तीने त्यावर निवेदन चढवलं. निवेदक होता मोगलीचं काम केलेला साबू, म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा. पुढे एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली आणि धास्ती हळूहळू गेली. १९५९ च्या पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला तो ‘पीटर गन’ या दूरदर्शन मालिकेच्या संगीताचा. हेन्री मॅन्सिनींनी ते तबकडीसाठी पुन्हा वाजवून घेतलं होतं. मला यातली मेख इथेच दिसते: पडद्यामागचे तुकडे जसेच्या तसे चालत नाहीत, घरी ऐकण्यासाठी ते नव्याने बांधावे लागतात. १९७७ मध्ये जॉन विल्यम्सच्या ‘स्टार वॉर्स’चा दोन तबकड्यांचा संच आला तेव्हा हा बाजार पक्का झाला.

आपल्याकडे असं नव्याने बांधणं क्वचित झालं. पंडित रविशंकरांनी ‘पथेर पांचाली’चं संगीत एका रात्रीत उरकलं होतं, १९६२ च्या ‘इम्प्रोव्हायझेशन्स’ या अमेरिकी तबकडीवर त्यांनी त्याच धुनेचा विस्तार केला, सोबत अमेरिकी जॅझ वादक बड शँक यांची बासरी. ‘मालगुडी डेज’ची एल. वैद्यनाथन यांची शीर्षकधून तर लोकांनी नुसत्या तोंडाने टिकवली. खरा फरक पडला १९९५ मध्ये. रहमानच्या ‘बॉम्बे’च्या कॅसेटवर गाण्यांच्या जोडीला ‘बॉम्बे थीम’ हा शब्दांविना तुकडा होता: नवीन कुमारची बासरी आणि खाली तंतुवाद्यांचा संथ पट. ती धून पुढे दीपा मेहतांच्या ‘फायर’मध्ये आणि हॉलीवूडच्या ‘लॉर्ड ऑफ वॉर’मध्येही वापरली गेली.

आता तमिळ, तेलुगू, कन्नड चित्रपटांचं ‘बीजीएम’ (बॅकग्राउंड म्युझिक, म्हणजे पार्श्वसंगीत) वेगळा अल्बम म्हणून येतं, लोक ते रिंगटोनला लावतात. जुन्या हिंदी चित्रपटांचं हवं असेल तर चाहत्यांनी सिनेमातून कापून घेतलेले तुकडे यूट्यूबवर मिळतात. त्यात व्हायोलिन टिपेला पोहोचतात आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी कुणाच्यातरी कानाखाली वाजवतो.