वादळाच्या उजव्या अंगाला

9 ऑक्टोबर 2024. 'मिल्टन' हरिकेन फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर नेमकं कुठे धडकणार, याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. रात्री साडेआठच्या सुमारास वादळाचं केंद्र सिएस्टा की इथे जमिनीवर आलं. पण त्याच्या सुमारे चार तास आधी, तिथून 220 किलोमीटरवर, राज्याच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या फोर्ट पिअर्सजवळ सहा माणसं दगावली होती. ज्येष्ठ नागरिकांच्या, हलक्या बांधणीच्या घरांच्या एका वस्तीवरून टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा हवेचा भोवरा, गेला होता. तो मिल्टनच्याच बाहेरच्या ढगपट्ट्यांतून उतरला होता. त्या एका दिवसात फ्लोरिडात 126 टोर्नेडो वॉर्निंग (तातडीचे इशारे) निघाल्या. त्या राज्यात एका दिवसात इतक्या कधीच निघाल्या नव्हत्या.

मियामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरच्या नकाशावर वादळापुढे पसरत जाणारा एक शंकू असतो. वादळ जवळ आलं की लोक सगळ्यात आधी आपलं गाव त्या शंकूत आहे का ते बघतात, आणि नसेल तर सुटकेचा श्वास टाकतात. हा श्वास फार महागात पडू शकतो. शंकू सांगतो तो फक्त केंद्राचा संभाव्य मार्ग. केंद्र त्याच्या आत राहण्याची शक्यता साधारण तीनात दोन एवढीच असते. पाऊस कुठे कोसळेल, टोर्नेडो कुठे उतरतील, याचा त्या रेषांशी संबंध नाही. त्यासाठी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: वादळ ज्या दिशेने चाललंय त्याच्या कोणत्या अंगाला आपण आहोत?

उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. त्यामुळे मार्गाच्या उजव्या बाजूला वाऱ्याच्या वेगात वादळाच्या स्वतःच्या चालीची भर पडते, तर डाव्या बाजूला तेवढीच वजावट होते. महाराष्ट्राने हे 3 जून 2020 ला पाहिलं. 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि ईशान्येकडे सरकलं. मुंबई त्याच्या डाव्या अंगाला राहिली म्हणून वाचली. उजवीकडच्या मंडणगड-दापोलीत मात्र नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

टोर्नेडोंचं बीजही मुख्यतः या उजव्या, पुढच्या भागातच असतं. समुद्रावरून आलेला वारा जमिनीला घासला की खालचा थर मंदावतो, पण किलोमीटरभर उंचीवरचा थर तसाच सुसाट राहतो, शिवाय त्याची दिशाही थोडी वळलेली असते. वात वळताना दोन तळहातांमधला कापूस जसा फिरतो, तशी या दोन थरांमधली हवा आडवी फिरू लागते. मग ढगातला वर जाणारा प्रवाह हे आडवं भोवरणं उचलतो आणि उभं करतो. अमेरिकेच्या मध्यभागातल्या मैदानांवर टोर्नेडो घडवणाऱ्या महाकाय ढगांपेक्षा हे ढग ठेंगणे असतात. त्यांच्यात फिरणारा भागही लहान असतो आणि पावसाच्या पडद्याआड लपलेला असतो. डॉप्लर रडारची किरणं दूर जाताना पृथ्वीच्या गोलाईमुळे उंच उंच होत जातात, त्यामुळे लांबचा असा ठेंगणा भोवरा त्यांच्या खालून निसटू शकतो.

एक गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. दोन ढगपट्ट्यांच्या मध्ये ऊन पडलं की लोकांना हायसं वाटतं आणि ते घराबाहेर पडतात. पण तेच ऊन जमीन तापवतं, दमट हवेला वर चढायला जोर देतं, आणि पुढची पट्टी अधिक घातक होऊन येते. अशा वादळांतले बहुतेक टोर्नेडो दुबळे आणि अल्पायुषी असतात हे खरं. पण फोर्ट पिअर्सजवळचा, टोर्नेडोची ताकद सांगणाऱ्या 0 ते 5 च्या ईएफ मापावर, ईएफ-3 श्रेणीचा होता. ही श्रेणी ताशी सुमारे 218 किलोमीटरला सुरू होते, आणि किनाऱ्यावर येताना मिल्टन ज्या श्रेणीत होतं, त्या श्रेणी 3 च्या हरिकेनची वरची मर्यादा आहे 208. म्हणजे केंद्रापासून इतक्या दूरच्या त्या वस्तीने खुद्द हरिकेनपेक्षा जोराचा वारा सोसला.

पावसाचं गणित निराळंच. मिल्टनचा सगळ्यात मोठा पाऊस डाव्या बाजूला पडला. सिएस्टा कीच्या उत्तरेला असलेल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये 18 इंचांहून अधिक, म्हणजे साडेचारशे मिलिमीटरच्या वर. त्या बाजूला आधीच थंड आणि उष्ण हवेची सीमा आडवी पसरली होती. वादळाची ओली हवा तिच्यावर चढत गेली आणि रिती होत गेली. हवामानतज्ज्ञांचा एक जुना ठोकताळा आहे: 100 ला वादळाच्या नॉटमधल्या (ताशी सागरी मैलांतल्या) चालीने भागा, उत्तर येईल तेवढे इंच पाऊस. मिल्टनची चाल साधारण 13 नॉट होती, म्हणजे सात-आठ इंच यायला हवे होते. पडला त्याच्या दुपटीहून जास्त.

तरी ठोकताळ्याचा गाभा पक्का आहे. पाऊस वाऱ्याच्या जोरावर कमी आणि वादळाच्या संथपणावर जास्त अवलंबून असतो. ऑगस्ट 2017 मध्ये 'हार्वी' टेक्ससच्या किनाऱ्यावर आलं आणि तिथेच घुटमळलं. वारे मंदावले, श्रेणी उतरली, पण नेदरलँड या गावाजवळ दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. ह्यूस्टन बुडालं ते वादळ 'कमजोर' झाल्यानंतरच्या दिवसांत. बातम्यांमध्ये हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नये.

अमेरिकेत अशा रात्री फोनवर दोन तऱ्हेचे इशारे येतात. वॉच म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, पुढचे काही तास सावध राहा. वॉर्निंग म्हणजे टोर्नेडो दिसलाय किंवा रडारवर फिरणं पकडलंय, आता मिनिटं उरली आहेत. कठीण वेळ येते ती टोर्नेडोची आणि अचानक पुराची वॉर्निंग एकदमच आल्यावर. पहिली सांगते खालच्या मजल्यावर, खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत जा. दुसरी सांगते वर चढा. टोर्नेडो काही मिनिटांत निघून जातो, पाणी तासन्‌तास चढत राहतं. म्हणून आधी टोर्नेडोपासून आडोसा घ्यायचा, पण वर जायचा जिना मोकळा ठेवायचा आणि उंबऱ्याशी पाणी दिसतंय का यावर घरातल्या एकाने नजर ठेवायची. हलक्या बांधणीच्या घरात राहणाऱ्यांना मात्र यातला एकही आडोसा पुरत नाही. त्यांनी वॉच लागल्या लागल्याच, पहिली पट्टी पोचण्याआधी, पक्क्या इमारतीत जायला हवं.