डुकरिणीच्या पिल्लांना वरचं दूध (मिल्क रिप्लेसर)

पिल्लं आईला पीत असतानाच त्यांना बाहेरूनही दूध पाजतात, बाळाला देतो तसंच हे वरचं दूध. बहुतेक वेळा ते मिल्क रिप्लेसर असतं, म्हणजे व्हे पावडर (चीज-पनीर करताना उरलेल्या पाण्याची भुकटी), स्किम मिल्क पावडर आणि फॅट मिसळून केलेली भुकटी, कोमट पाण्यात कालवायची. आईचं दूध तोडायचं नसतं, जेवढं कमी पडतं तेवढंच भरून काढायचं.

लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा लँडरेस जातीच्या डुकरिणीला साधारण 12 ते 16 सड असतात आणि एखाद्या वेतात पिल्लं त्याहून जास्त होतात, त्यात पान्हा तासाभरानं एकदा सुटतो आणि दूध खरं वाहतं ते जेमतेम 20 सेकंद, तेव्हा ज्याच्या तोंडात सड नाही ते उपाशी राहिलं. दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपला सड पक्का करतं, दांडगी पिल्लं पुढचे धरतात आणि किलोभराच्या आतलं किरकोळ पिल्लू मागं ढकललं जातं. जन्मतः अंगात चरबी 1-2 टक्केच, त्यामुळं ते लगेच गार पडतं, गार पडलं की ओढत नाही, मग उबेसाठी आईला चिकटून राहतं आणि तिच्या अंगाखाली येतं. आपण म्हणतो चिरडून मेलं, पण बरेचदा सुरुवात भुकेपासून झालेली असते.

चिकाला, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधाला, मात्र पर्याय नाही. डुकरिणीच्या वारेतून पिल्लाला अँटीबॉडी (रोगाशी लढणारी प्रथिनं) मिळत नाहीत, त्या चिकातूनच येतात आणि आतडं त्या साधारण पहिले 24 तासच नीट शोषतं. म्हणून आधी निदान 200 ते 250 ग्रॅम चीक पोटात जाऊ दे, रिप्लेसर त्यानंतर. जवळपास त्याच वेळी व्यालेली दुसरी डुकरीण असेल आणि तिचे सड रिकामे असतील तर जास्तीची पिल्लं तिला लावणं कधीही चांगलं.

रिप्लेसर मिळाला नाही की लोक गाईचं दूध देतात, त्यात फॅट साधारण 4 टक्के, डुकरिणीच्या दुधात 7-8, मग ताकद यावी म्हणून कुणी साखर घालतं आणि नेमकं तेच घातक, कारण पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या आतड्यात साखर पचवणारं एन्झाइम जवळजवळ नसतंच, हगवण लागते आणि एवढंसं पिल्लू अंगातलं पाणी कमी होऊन दगावतं. गुळाचंही तेच. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मात्र त्याला छान पचते.

भांडं उथळ आणि जड हवं, नाहीतर ते उलटतं नाहीतर पिल्लं त्यात लोळतात. पहिल्यांदा बोट बुडवून चाटवायचं, एकानं पिऊन दाखवलं की बाकीची बघून शिकतात. भुकटीचं प्रमाण पिशवीवर लिहिलंय तेच, घट्ट केलं म्हणून वजन वाढत नाही, पोट बिघडतं. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा द्यायचं, उरलेलं फेकायचं आणि भांडं दरवेळी घासायचं, कोकण-गोव्याच्या दमट उकाड्यात कालवलेलं दूध काही तासांत आंबतं. शेजारी स्वच्छ पाणी ठेवायचंच. आणि आईच्या दुधात लोह फारच कमी असतं, तेव्हा तिसऱ्या दिवसाच्या आसपासचं 200 मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन वरचं दूध चालू आहे म्हणून चुकवू नये.