कार्बन डायऑक्साइड व हायड्रोकार्बन मिश्रणांचे उच्चदाब घनतामापन

जुन्या तेलक्षेत्रात कार्बन डायऑक्साइड सोडला, की तो तेलात विरघळतो. तेल फुगते, पातळ होते आणि खडकातून अधिक सहज वाहते. या कामाचा हिशेब मांडायला मिश्रणाची भूगर्भातल्या दाब-तापमानाची घनता माहीत असावी लागते. मुंबई हायचे तेल उरणला येते आणि ओएनजीसीची तेल व वायू उत्पादन तंत्रज्ञान संस्था पनवेलला आहे, म्हणून नवी मुंबईच्या परिसरात हा विषय परका नाही.

कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाबले तरी वायूचा द्रव होत नाही ते तापमान, ३१° से. आणि त्या तापमानाला द्रव होण्यास लागणारा क्रांतिक दाब ७३.८ बार. या बिंदूच्या आसपास घनता फार झपाट्याने बदलते. ४०° से.ला दाब ८० वरून १०० बारवर नेला, तर शुद्ध वायूची घनता सुमारे २८० वरून ६३० किग्रॅ./घमी. होते. २०० बारला ती ८४० च्या घरात जाते, म्हणजे त्याच स्थितीतल्या द्रव डेकेनपेक्षाही (तेलातला एक हायड्रोकार्बन) जास्त. वायू तेलाच्या वरच राहणार, असे इथे धरून चालता येत नाही.

मोजणीसाठी मुख्यतः कंपन-नळी घनतामापक वापरतात. यू-आकाराची बारीक धातूची नळी नमुन्याने भरून कंपित करतात. आतला द्रव जितका जड, तितका कंपनकाल लांबतो. घनता कंपनकालाच्या वर्गाबरोबर सरळ रेषेत वाढते. त्या रेषेचे स्थिरांक मात्र दाब व तापमानानुसार बदलतात, म्हणून पाणी, नायट्रोजन किंवा निर्वात नळी वापरून प्रत्येक स्थितीत अंशशोधन (ज्ञात घनतेशी वाचन जुळवणे) करावे लागते. दाट तेलात चिकटपणामुळे वाचन किंचित जास्त येते. ती दुरुस्ती वेगळी.

खरी कसोटी नमुना तयार करण्यात आहे. घटक वजनाने मोजून घेतात आणि मिश्रण एकाच प्रावस्थेत, म्हणजे वायू व द्रव वेगळे न होता, राहील इतका दाब कायम ठेवतात. दाब बुडबुडाबिंदूखाली, म्हणजे द्रवात पहिला बुडबुडा येतो त्या दाबाखाली, घसरला, तर नळीत वायू वेगळा होतो. आकडा तेव्हाही दिसतो, पण तो कशाचीच घनता नसतो. तुर्भे-महापे पट्ट्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३१° ओलांडतो. वातानुकूलन नसलेल्या खोलीतल्या सिलिंडरमध्ये त्या वेळी द्रव उरत नाही, म्हणून वायू पंपात घेण्यापूर्वी पंपाचे डोके थंड करणे अत्यावश्यक ठरते.

मोजलेले आकडे अवस्था-समीकरणांशी, म्हणजे दाब, तापमान व आकारमान यांचा संबंध सांगणाऱ्या सूत्रांशी, ताडून पाहतात. १९७६ चे पेंग-रॉबिन्सन समीकरण तेल उद्योगात रुळलेले असले, तरी द्रवाच्या घनतेत ते कमी पडते आणि त्याला आकारमानाची दुरुस्ती जोडावी लागते. त्या दुरुस्तीचे गुणांक याच मोजणीतून काढतात.