पांढरं रेशनकार्ड असलं तरी कॅन्सरचा उपचार योजनेत बसतो : ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांसाठी अर्जाची माहिती

ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या वहिनीला तेहेतिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. मुलगा चार वर्षांचा. दादाने त्याच रात्री सोनं मोडायची भाषा सुरू केली. त्याचं म्हणणं एकच, "आपलं कार्ड पांढरं, आपल्याला कुठली योजना मिळणार?" दुसऱ्या दिवशी एका खासगी रुग्णालयात डिपॉझिट भरलं, पहिली केमो रोखीने झाली. ते पैसे गेले ते गेलेच, कारण सरकारची जन आरोग्य योजना आधी भरलेलं बिल परत देत नाही. दादाची माहिती जुनी होती आणि ती जुनी आहे हे आम्हाला काउंटरवर कुणी सांगितलं नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आधी पिवळ्या आणि ठरावीक केशरी कार्डांसाठी होती, संरक्षण वर्षाला दीड लाखाचं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून सगळ्या कुटुंबांना खुली केली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये केलं. अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून आहे. म्हणजे पांढरं कार्डही चालतं आणि उत्पन्नाची अट नाही. रेशनकार्डच नसेल तर अधिवास दाखल्यावर काम होतं. कार्ड गावाकडचं, साताऱ्याचं किंवा जळगावचं असलं तरी हरकत नाही, महाराष्ट्रातलं असलं म्हणजे झालं.

तरुण जोडप्यांचं घोडं अडतं ते नावापाशी. लग्नाला सहा-सात वर्षं होतात, मूल शाळेत जायला लागतं, तरी बायकोचं नाव माहेरच्या कार्डावर आणि आधारवर सासरचं आडनाव. रुग्णालयातला योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, पहिलं बोट इथेच ठेवतो. ज्या कार्डावर नाव आहे ते कार्ड, आधार आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. नाव सासरच्या कार्डात आणायचं असेल तर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आधी लागतो. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत हे काम शिधावाटप कार्यालयात होतं, खारघर-कामोठ्याला पनवेल तहसीलच्या पुरवठा शाखेत. सगळं सुरळीत होईपर्यंत थांबू नका. उपचार आणि कागद दोन्ही बरोबरच चालवायचे.

रुग्णालयात गेल्यावर

योजना फक्त यादीतल्या, म्हणजे अंगीकृत रुग्णालयात चालते. तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं. रुग्णालय यादीत आहे का, आणि आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला उपचार त्या रुग्णालयात योजनेखाली मिळतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारायचे. काही ठिकाणी शस्त्रक्रिया योजनेत असते आणि रेडिएशनची सोयच नसते. चौकशीसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० हे टोल-फ्री क्रमांक आहेत.

आरोग्यमित्राला रेशनकार्ड, रुग्णाचं आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅन आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला उपचार द्यायचा. तो नोंदणी करतो आणि रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं. ती आल्यावर उपचार कॅशलेस होतो. केमोच्या प्रत्येक सायकलला आणि रेडिएशनला स्वतंत्र परवानगी लागते, म्हणून पुढच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी आरोग्यमित्राला आठवण केलेली बरी. तातडीची वेळ असेल तर फोनवरूनही परवानगी घेता येते. एक प्रश्न मात्र डॉक्टरांनाच विचारा : लिहून दिलेलं औषध योजनेच्या पॅकेजात आहे का? महागडी नवी औषधं पुष्कळदा नसतात, आणि ते तिसऱ्या सायकलला कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेलं चांगलं.

टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयात जायचं ठरलं तर जवळचं केंद्र खारघरला सेक्टर २२ मध्ये आहे, मुख्य रुग्णालय परळला. जाताना फक्त रिपोर्टची फाइल नेऊ नका. बायोप्सी जिथे झाली त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, स्कॅनची सीडीही. तिथे स्लाइड पुन्हा तपासल्या जातात आणि त्यांच्याशिवाय पान पुढे हलत नाही. नोंदणीच्या वेळी जनरल की प्रायव्हेट असं विचारतात. गडबडीत "प्रायव्हेट" म्हणून बसू नका. योजना आणि ट्रस्टची मदत हवी असेल तर जनरल घ्या आणि वैद्यकीय समाजसेवा विभाग कुठे आहे ते त्याच दिवशी पाहून ठेवा. तिथले समाजसेवक कुठल्या ट्रस्टकडे काय मागायचं ते सांगतात.

उत्पन्नाचा दाखला

जन आरोग्य योजनेला तो लागत नाही. पण योजना अपुरी पडली तर पुढच्या प्रत्येक दारात तोच पहिला मागतात, म्हणून निदान झाल्याच्या आठवड्यातच अर्ज टाका. अर्ज आपले सरकार संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात. आधार, रेशनकार्ड, लाइट बिल, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा पुरावा : नोकरदाराला फॉर्म १६ किंवा पगाराची पावती, इतरांना तलाठ्याचा अहवाल.

इथे नवी मुंबईकरांची गंमत होते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे सगळं ठाणे तालुक्यात, दाखला ठाणे तहसीलचा. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे जिल्हा रायगड आणि जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला. पत्ता "नवी मुंबई" लिहिलेला असला तरी तालुका बघूनच रांगेत उभे राहा.

उपचाराच्या पैशांसाठी हा दाखला दोन ठिकाणी लागतो. पहिलं म्हणजे धर्मादाय रुग्णालय. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धनची मर्यादा वार्षिक १ लाख ८० हजार रुपये, दुर्बलची ३ लाख ६० हजार. ही दुसरी मर्यादा ठाण्यातल्या एकट्या कमावत्या माणसाच्या घराला बसू शकते आणि लोक नेमकी तीच विचारत नाहीत. आपलं रुग्णालय धर्मादाय आहे का ते धर्मादाय आयुक्तांच्या यादीत पाहा. नाव कितीही झगमगीत असलं तरी ट्रस्टचं असू शकतं. तिथल्या समाजसेवकाला दाखला दाखवून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरं, मुख्यमंत्री सहाय्यता निधी. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन तिन्ही यादीत आहेत. विहित अर्ज, आधार, रेशनकार्ड, वैद्यकीय रिपोर्ट, रुग्ण दाखल असेल तर जिओ टॅग (जागेची नोंद असलेला) फोटो, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. अंदाजपत्रक खासगी रुग्णालयाचं असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. रुग्णालय निधीच्या यादीत नोंदलेलं हवं आणि पैसे त्याच्याच खात्यात जातात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या या निधीच्या कक्षातही देता येतो. अडचण मर्यादेची : वर्षाला १ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला साधारण तेरा हजार तीनशेच्या आत. कळव्यात एका खोलीचं भाडं भरून लेकरू शिकवणारा माणूस यात कसा बसायचा, हे मला अजून कळलेलं नाही. दाखल्यात आकडा ओढूनताणून कमी करायला सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, खोटा दाखला पकडला गेला की सगळंच अडकतं.

नोकरी असेल तर

पगार महिना २१ हजारांपर्यंत असलेल्यांचा ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो. उपचाराबरोबर रजेचेही पैसे मिळतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कॅन्सर हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे. नोकरीला दोन वर्षं झाली असतील आणि वर्गणी पुरेशी भरलेली असेल तर विस्तारित आजारपण लाभात पगाराच्या ८० टक्के रक्कम, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर भागत नाही. पीएफमधूनही आजारपणासाठी रक्कम काढता येते, अर्ज ऑनलाइन.

उपचारासाठी रेल्वेने जायचं असेल तर रुग्णालयाकडून रेल्वेच्या नमुन्यातलं सवलतीचं प्रमाणपत्र घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येतं, प्रमाणपत्र जवळ ठेवावं. केमोनंतर ठाण्याच्या गर्दीत उभं राहून येण्यापेक्षा ते बरं.

मुलासाठीचा अर्ज

हा शेवटी लिहितोय, पण खरं तर लवकर करायचा. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील गंभीर आजारी असलेल्या मुलांनाही दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, वय १८ पूर्ण होईपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, मंजुरी बाल कल्याण समितीची, मध्ये घरी येऊन चौकशी होते. मुलाचा जन्मदाखला आणि आधार, पालकांचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आजाराचे वैद्यकीय कागद, शाळेत जात असेल तर बोनाफाइड आणि मुलाच्या नावाचं बँक पासबुक द्यायचं. चार वर्षांच्या मुलाचं खातं कुणी उघडलेलं नसतं. आमचंही नव्हतं. त्यासाठी आईची सही लागणार असेल तर ती केमोच्या आधीच्या आठवड्यात करून घ्या. नंतर सलाइनमुळे हात सुजतो आणि बँकवाले सही जुळत नाही म्हणतात.