चिखल्या झाल्यात? मेडिकलमधली ट्यूब लावायच्या आधी तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा

पावसाळ्यात पायाला खाज सुटली की आधी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची बेचकी फाकवून बघा, चिखल्या बहुतेक तिथूनच सुरू होतात कारण ही जागा सगळ्यात अरुंद, हवा लागतच नाही. कातडी पांढरट, लिबलिबीत होते, मग सोलवटते आणि चीर पडली की चालताना नुसती आग आग. भातलावणीला दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहणाऱ्यांना होतात तशाच ओले बूट घालून आठ तास एसीत बसणाऱ्यांनाही होतात. चिखलाचं नाव उगाच बदनाम आहे, खरं कारण ओल.

भिजून मऊ झालेल्या कातडीत ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी घर करते. तिचं खाणं म्हणजे केराटिन, म्हणजे आपल्या त्वचेचा वरचा मेलेला थर, नखं, केस ज्याचे बनलेले असतात ते प्रथिन. ती खोल शिरत नाही, पण तिच्याशी भांडायला आपलं शरीर धावून येतं आणि लाली, खाज हा बराचसा त्या भांडणाचा परिणाम असतो.

आणि नेमका इथेच घोळ होतो. मेडिकलवाल्याला "खाजेचं काहीतरी द्या" म्हटलं की बऱ्याचदा जी ट्यूब हातात पडते तिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं सगळंच कालवलेलं असतं. स्टेरॉइड शरीराची लढाईच थांबवतं, त्यामुळे दोन दिवसांत खाज गायब, आपण खूश, आणि बुरशी तर आपल्यापेक्षा खूश कारण तिला आता अडवणारं कोणी नाही. ट्यूब बंद केली की दुप्पट पसरते, कातडी पातळ होते ते वेगळंच. म्हणून बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही दिसलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका. 2018 मध्ये सरकारने अशा स्टेरॉइड क्रीम्सना चिठ्ठी सक्तीची केलीय, पण काउंटरवर कोण विचारतंय!

मग लावायचं काय? बुरशीचं साधं क्रीम, क्लोट्रिमॅझोल, दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे, आणि रॅशच्या कडेबाहेर बोटभर जागेवरही. खाज आठवड्यात थांबते म्हणून तिथेच सोडू नका, बुरशी अजून असते. टर्बिनाफिन हे बुरशीचंच दुसरं औषध याहून कमी दिवसांत काम करतं, पण आपल्याकडे त्याला न जुमानणारी बुरशी पसरलीय, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची, जास्त करून जांघेत आणि अंगावरच्या गजकर्णात सापडते. तीन-चार आठवड्यांत फरक नाही तर स्किनच्या डॉक्टरकडे जा, ते कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात.

बेचकीत मेंदी लावायची जुनी पद्धत आहे, तिच्या रंगद्रव्यात बुरशीला रोखायचा थोडा गुण आहे खरा, पण उघड्या चिरेवर नको आणि कोनातली काळी मेंदी तर अजिबात नको, तिच्यातल्या केमिकलने फोड येतात. रॉकेल, चुना वगैरे प्रयोग तर विसराच.

बाकी काम टॉवेलचं. आंघोळीनंतर प्रत्येक बेचकी पुसायची, पायाचा टॉवेल वेगळा, बुटांचे दोन जोड आलटून पालटून, म्हणजे एक तरी वाळतो. आणि चिखल्या असताना आधी मोजे घाला, मग अंडरवेअर, नाहीतर पायातली बुरशी कपड्याला लागून थेट जांघेत.

खाज बेचकीत नसून पावलाच्या वरच्या बाजूला, दोन्ही पायांवर सारखी, अगदी चपलेच्या पट्ट्याच्या आकारात असेल तर बुरशी नसून रबराची किंवा चामड्यातल्या क्रोमियमची अ‍ॅलर्जी असायची शक्यता जास्त. तिथे बुरशीच्या क्रीमने काही होणार नाही, चप्पल बदला.

शुगर असलेल्यांनी मात्र चीर पडल्याचं दिसताच दाखवून घ्यावं, कारण पाय बधिर असेल तर दुखत नाही आणि तिथून जंतू आत शिरतात. लाली वर चढायला लागली, पाय सुजला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि चिरा पडलेल्या पायांनी तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेल्या जंतूंमुळे होणाऱ्या तापाच्या आजाराचा धोका असतो, ताप यायची वाट न बघता दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरला गाठा, ते गरज वाटली तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात.