लॅटिट्यूड म्हणजे रुंदी, पण कशाची?

लॅटिट्यूड म्हटलं की आपल्याला अक्षांश आठवतो: विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश, ते सांगणारा आकडा. पण मूळ लॅटिन शब्दात ना विषुववृत्त आहे, ना अंश. 'लाटुस' म्हणजे रुंद आणि त्यावरून झालेला 'लाटिटुडो' म्हणजे नुसती रुंदी.

आता गोल पृथ्वीला रुंदी कुठून आली? मला या शब्दात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच कोडं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमी या खगोल-भूगोलतज्ज्ञाने तेव्हा माहीत असलेलं जग अंशांत बसवलं. पूर्व-पश्चिम ते सुमारे १८० अंश भरलं, उत्तर-दक्षिण जेमतेम ८०. म्हणजे जग आडवं, लांबट. ग्रीकांनी लांब बाजूला लांबी म्हटलं आणि आखूड बाजूला रुंदी. लॅटिनने तीच जोडी उचलली. पुढे अमेरिका नकाशावर आली, ऑस्ट्रेलिया आली, ती लांबट चौकट कधीच मोडली. नाव मात्र तेच राहिलं.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात रुळला. इंग्रजी कवी चॉसरने १३९१च्या सुमारास ल्युइस नावाच्या लहानग्या मुलासाठी ॲस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायचं जुनं यंत्र, कसं वापरायचं ते लिहून दिलं, त्यात हा शब्द भेटतो. रुंद जागेत हातपाय पसरायला वाव असतो, म्हणून सतराव्या शतकापर्यंत त्याला मुभा, मोकळीक हाही अर्थ चिकटला. धर्ममतांबाबत सैल धोरण ठेवणाऱ्या इंग्लंडमधल्या पाद्र्यांना तेव्हा 'लॅटिट्यूडिनेरियन' म्हणत. फोटोग्राफीतही हाच अर्थ आहे: रंगीत निगेटिव्ह फिल्मवर एखादा स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड जास्त पडला तरी फोटो वाया जात नाही, ती फिल्मची लॅटिट्यूड.

आपला 'अक्षांश' मात्र अगदी वेगळ्या वाटेने आला. त्यात रुंदी नाही, अक्ष म्हणजे आस आहे. पृथ्वीची आस आकाशात जिथे रोखलेली असते तो आकाशाचा ध्रुव. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकलेला असतो; उत्तरेकडे जावं तसा तो वर चढतो. ध्रुवताऱ्याची उंची मोजली की जवळपास अक्षांशच हाती येतो. दिवसा मोजायचं तर जुने ज्योतिषी १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ काठी, सपाट जमिनीवर उभा करत आणि विषुवदिनी भर दुपारी त्याची सावली मोजत. तिला पलभा म्हणतात. विषुववृत्तावर ती शून्य. ४५ अंशांवर बरोबर शंकूएवढी, १२ अंगुळं.